नव्याने प्राध्यापक झालात? कुठलं काम कुठे थांबवायचं ते आधी ठरवा

आमच्या नोकरीबद्दल बाहेरच्यांना वाटतं, आठवड्याला मोजके तास आणि बाकी सगळी मोकळीक. तास मोजके असतात हे खरंच आहे. पण त्या तासांच्या अवतीभवतीचं जे काम असतं त्याला शेवट नसतो. व्याख्यान अजून थोडं चांगलं करता येतं, उत्तरपत्रिकेवर अजून एक शेरा लिहिता येतो, शोधनिबंधात अजून एक संदर्भ घालता येतो. "झालं, आता घरी जा" असं सांगायला कोणी येत नाही. हाताशी जेवढा वेळ असेल तेवढं काम फुगतं, असं पार्किन्सन यांनी 1955 साली 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये लिहिलं, ते सरकारी कचेऱ्यांबद्दल. पण ते स्वतः इतिहासाचे प्राध्यापक होते, तेव्हा ही गोष्ट त्यांना नेमकी कुठे सुचली असेल याबद्दल मला आपला संशय आहे.

मी बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवते. विभागात कोणी नवीन रुजू झालं की पहिल्या पंधरवड्यात माझ्या खोलीत येऊन विचारतं, "मॅडम, हे सगळं जमवायचं कसं?" सगळं जमत नाही. कुठल्या कामाला किती वेळ द्यायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा हे सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी ठरवावं लागतं, कारण एकदा गाडं सुरू झालं की ठरवायला उसंत मिळत नाही. खाली मी माझ्या हद्दी सांगते आहे. तुमचा विषय वेगळा असेल तर आकडे बदला.

तासाची तयारी

नवीन विषय असेल तर एका तासाला दोन तास तयारी. पूर्वी शिकवलेला असेल तर एक. त्यापुढे वही मिटायची, तयारी अर्धवट वाटली तरी. नवे लोक तिप्पट सामग्री घेऊन वर्गात जातात आणि ती संपवण्यासाठी शेवटची पंधरा मिनिटं धावत सुटतात. मुलांना त्यातलं काही लागत नाही. एवढी तयारी होते ती बहुतेक भीतीपोटी: कोणीतरी असं काही विचारेल जे आपल्याला येत नसेल. त्यावरचा उपाय एका वाक्याचा आहे. "हे मला आत्ता नीट सांगता येणार नाही, पुढच्या तासाला सांगते." आणि पुढच्या तासाला सगळ्यात आधी तेच सांगायचं. हे दोन-तीनदा केलंत की वर्गाचा तुमच्यावरचा विश्वास वाढतो.

तयारी शेवटाकडून सुरू करा. तास संपल्यावर मुलांना कोणता एक प्रश्न सोडवता यायला हवा, तो कागदावर लिहा. मग त्यासाठी लागणारी दोन उदाहरणं. मग मुलं हमखास अडखळतील अशी एक जागा. स्लाइड्स सगळ्यात शेवटी, आणि वेळ उरला तरच.

मध्येच थांबून प्रश्न टाकणं हा माझ्या तयारीचाच भाग आहे. परिकल्पना चाचणी, म्हणजे 'काहीच फरक नाही' ही शून्य परिकल्पना आकड्यांपुढे टिकते का ते पाहण्याची रीत, शिकवताना मी विचारते, "पी-मूल्य 0.03 आलं. म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता 3 टक्के, बरोबर?" जवळपास सगळे हात वर होतात, आणि सगळे चुकतात: पी-मूल्य म्हणजे शून्य परिकल्पना खरी धरली तर असे किंवा याहून टोकाचे आकडे येण्याची शक्यता. मग शेजाऱ्याशी दोन मिनिटं वाद घाला म्हणते आणि बाकांमधून फिरते. त्या दोन मिनिटांत मला जे ऐकू येतं त्यावरून पुढचा अर्धा तास ठरतो. हे केवळ माझं मत नाही. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे 225 अभ्यास एकत्र करून 2014 साली एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गात नापासांचं प्रमाण सुमारे 34 टक्के होतं, मुलांना काहीतरी करायला लावणाऱ्या वर्गात सुमारे 22. तेव्हा अजून चार स्लाइड्स करण्यापेक्षा एक चांगला प्रश्न शोधणं परवडतं.

पेपर तपासणी

इथे थोडी रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त संध्याकाळी इथेच जातात आणि सगळ्यात जास्त अन्यायही इथेच होतो.

1912 साली स्टार्च आणि एलियट या दोघा अमेरिकन संशोधकांनी इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांच्या प्रती काढून शंभराहून जास्त शिक्षकांकडे तपासायला पाठवल्या. एकाच उत्तरपत्रिकेला पन्नाशीपासून नव्वदीच्या वरपर्यंत गुण पडले. लोक म्हणाले, भाषेचा विषय आहे, चालायचंच. म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली. फरक आणखी वाढला. गणितात उत्तर एकच असतं, पण रीतीला किती, आकृतीला किती आणि नीटनेटकेपणाला किती हे प्रत्येकाच्या मनात वेगळं असतं. माझ्या विषयातही तेच आहे, म्हणून ही गोष्ट मी नव्यांना आवर्जून सांगते.

आता माझी पद्धत. प्रश्नपत्रिका काढतानाच गुणांची विभागणी लिहून ठेवते: सूत्राला किती, आकडे भरायला किती, निष्कर्षाच्या वाक्याला किती. पेपर आले की पहिले आठ-दहा नुसते वाचते, पेन्सिलसुद्धा हातात घेत नाही. मुलांनी प्रश्न माझ्या डोक्यात होता तसाच समजून घेतला आहे का, हे त्यात कळतं. कधीकधी कळतं की प्रश्नच दोन अर्थांचा झाला होता. मग विभागणी आत्ताच बदलायची. तीस पेपर झाल्यावर बदलली की तीस पेपर पुन्हा.

नंतर एक प्रश्न घेऊन सगळे पेपर, मग दुसरा प्रश्न घेऊन सगळे पेपर. एका मुलाचा अख्खा पेपर सलग तपासायचा नाही. पहिलं उत्तर झकास असलं की दुसऱ्यातली चूक आपल्याला छोटी दिसते. या दोषाला थॉर्नडाइक यांनी 1920 मध्येच नाव देऊन ठेवलं आहे, मानसशास्त्रवाले त्याला हॅलो इफेक्ट म्हणतात. प्रश्न बदलला की गठ्ठा उलटसुलट करते, नाहीतर तळातल्या पोरांना दर वेळी माझा दमलेला हात मिळतो. नावाची बाजू दुमडलेली ठेवते. एका बैठकीत पाऊण तास, मग उठायचं. रात्री जागून गठ्ठा संपवणारे सहकारी मी पाहिले आहेत आणि त्यांच्या शेवटच्या वीस पेपरांवरचे गुणही पाहिले आहेत.

शेरे किती लिहायचे? रूथ बटलर यांचा 1988 चा एक प्रयोग आहे, शाळकरी मुलांवरचा. काहींना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरे मिळालेल्यांमध्ये. गुण आणि शेरे सोबत दिले की मुलं गुण बघतात आणि शेरे सोडून देतात. हे कळल्यापासून अंतिम परीक्षेच्या पेपरवर मी जवळजवळ काहीच लिहीत नाही. शेरे लिहायचे ते सेमिस्टरच्या मधल्या स्वाध्यायांवर, जिथे पुढे सुधारायला जागा असते. तिथेही जास्तीत जास्त दोन: एक जमलेलं, एक पुढच्या वेळी करायचं. आणि सगळ्या वर्गाने केलेली सामाईक चूक चाळीस वह्यांवर लिहायची नाही, ती फळ्यावर एकदा सांगायची.

गुणांवरून वाद घालायला मुलं येतातच. दारात उभं राहून चर्चा नाही. एक दिवस थांब, मग अर्ध्या पानात लिहून आण: कुठल्या उत्तराला, का. मी ते अख्खं उत्तर पुन्हा वाचीन, आणि गुण कमीही होऊ शकतात. हे आधीच सांगितलं की निम्मे परत येत नाहीत. जे येतात त्यांचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असतं.

शिफारसपत्र

हे काम तुमच्या कामाच्या मोजमापात कुठेही धरलं जात नाही आणि मुलांच्या आयुष्यात मात्र फार धरलं जातं. म्हणून इथे काटकसर करायची ती संख्येत, पत्रात नाही.

कोणी मागायला आलं की आधी स्वतःला विचारा: या मुलाबद्दल मला एक तरी प्रसंग आठवतो का? आठवत नसेल तर नकार द्या. कसा द्यायचा? "तुझे मार्क चांगले आहेत, पण मी तुला एवढ्या जवळून ओळखत नाही. माझं पत्र कोमट होईल आणि त्याने तुझं नुकसान होईल. प्रॅक्टिकल किंवा प्रोजेक्ट ज्यांच्याकडे केलास त्यांना विचार." मुलं हिरमुसतात, तरी पुढच्या आठवड्यात योग्य माणसाकडे जातात. गप्प राहून भिकार पत्र देणं मला यापेक्षा कितीतरी वाईट वाटतं.

हो म्हटलं तर तीन आठवडे मागून घ्या आणि मुलाकडून एक पान: कुठे अर्ज करतो आहेस, तिथे काय शिकायचं आहे, माझ्या वर्गातलं तुझं कोणतं काम मी सांगावं असं तुला वाटतं. शेवटची तारीख ठळक लिहिलेली असली पाहिजे. "मॅडम, तुम्हीच मसुदा लिहून आणायला सांगा, आम्ही आणतो," असंही मुलं म्हणतात. मी आणू देत नाही. स्वतःबद्दल लिहिताना मुलं एकतर अतोनात लाजतात किंवा अतोनात फुगतात, आणि पत्र वाचणाऱ्याला ते दुसऱ्याच ओळीत कळतं.

पत्र एका पानाचं. पहिल्या परिच्छेदात मी याला कसं ओळखते, किती काळ, किती जणांच्या वर्गात. दुसऱ्यात एक प्रसंग, सविस्तर. "मेहनती व प्रामाणिक" या शब्दांनी काही होत नाही. "प्रतिगमनाच्या स्वाध्यायात आलेखातला एक बिंदू बाहेर पडत होता, तो गाळून टाकायचं सोडून ही मुलगी मूळ नोंदवही शोधायला गेली आणि दशांशचिन्ह चुकल्याचं दाखवून दिलं" याने होतं. तिसऱ्यात तुलना: माझ्या इतक्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांत हा कुठे बसतो. तुलना खरीच लिहा. प्रत्येकाला "सर्वोत्तम" लिहिणाऱ्याचं पत्र दुसऱ्या वर्षापासून कोणी वाचत नाही.

मुलींसाठी लिहिताना पत्र एकदा जास्त वाचते. 2003 साली ट्रिक्स आणि सेन्का यांनी एका मोठ्या अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापकांच्या जागांसाठी आलेली तीनशेहून जास्त शिफारसपत्रं तपासली. बायकांसाठीची पत्रं सरासरीने आखूड होती, त्यांत कष्टाळूपणाचं आणि शिकवण्याचं कौतुक जास्त होतं, संशोधनाबद्दल कमी. मीसुद्धा बाईच, तरी मसुद्यात "शांत, मनमिळाऊ" येतंच. ते खोडून तिने काय शोधून काढलं ते लिहिते.

सगळी पत्रं एका फोल्डरमध्ये ठेवा, मुलाचं नाव आणि वर्ष घालून. दोन वर्षांनी तोच मुलगा पुन्हा येतो.

मेल

दिवसातून दोनदा. सकाळी पहिलं काम म्हणून कधीच नाही. अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर लिहून टाका की विद्यार्थ्यांच्या मेलला एका कामाच्या दिवसात उत्तर मिळेल, रात्री मिळणार नाही. तीन मुलांनी एकच प्रश्न विचारला तर उत्तर सगळ्या वर्गाला. बाकी यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही, लोक उगाच पुस्तकं लिहितात.

दुसऱ्यांचे शोधनिबंध

जर्नलकडून परीक्षणाची पहिली विनंती आली की छाती फुगते. दहावी आली की छातीत धस्स होतं. हिशोब साधा ठेवा. तुम्ही पाठवलेल्या प्रत्येक निबंधावर दोन किंवा तीन जणांनी आपला वेळ घालवलेला असतो, तेव्हा वर्षाला तुम्ही जितके निबंध पाठवता त्याच्या तिप्पट परीक्षणं हे तुमचं देणं. तेवढी झाली की विनम्रपणे नाही म्हणा, आणि नाही म्हणताना दोन योग्य नावं सुचवा. संपादकाला तेवढंच हवं असतं. नकार त्याच दिवशी कळवा. तीन आठवडे उत्तरच न देणारा परीक्षक लेखकाचा महिना खातो.

अहवाल लिहिताना आधी निबंधाचं म्हणणं आपल्या शब्दांत चार ओळींत मांडा. ते जमलं नाही तर एकतर निबंध विस्कळीत आहे किंवा आपण नीट वाचलेला नाही. मग मोठे आक्षेप, फार तर चार. प्रत्येकाला पान क्रमांक आणि काय केलं तर आक्षेप दूर होईल ते. मग किरकोळ गोष्टी. व्याकरण दुरुस्त करत बसू नका, ते तुमचं काम नाही. आपलेच निबंध संदर्भांत घालायला लावू नका, त्याची दुर्गंधी लांबून येते. आणि हस्तलिखित गोपनीय असतं, ते कुठल्याही चॅटबॉटमध्ये टाकून सारांश मागायचा नाही.

स्वतःच्या निबंधावर खरमरीत अहवाल आला तर? दोन दिवस काही लिहायचं नाही. 1936 साली आइन्स्टाइन यांनी नेथन रोझेन यांच्यासोबत 'फिजिकल रिव्ह्यू'कडे निबंध पाठवला. त्यात गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नाहीत असा निष्कर्ष होता. संपादकांनी तो परीक्षकाकडे दिला, परीक्षकाने पानंच्या पानं शंका काढल्या. छापण्याआधी आमचा निबंध तज्ज्ञांना दाखवायची परवानगी दिली नव्हती, असं रागाने कळवून आइन्स्टाइन यांनी तो परत घेतला. चूक खरोखरच होती. पुढच्या वर्षी दुसऱ्या नियतकालिकात तो छापून आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. परीक्षक होते हॉवर्ड रॉबर्टसन, हे कितीतरी दशकांनी उघड झालं. आणि त्या लहरी 2015 मध्ये प्रत्यक्ष सापडल्याच. मुद्दा एवढाच की दोन दिवसांनी अहवाल पुन्हा वाचताना "हा मूर्ख आहे" असं वाटलं त्या जागेवर खूण करा. तो मूर्ख नसेल, तर तुमचं ते वाक्य तरी नक्कीच धूसर आहे, कारण त्याने ते चुकीचं वाचलं.

मीटिंगा आणि कमिट्या

पार्किन्सन पुन्हा एकदा. त्यांच्या कल्पनेतली एक समिती अणुभट्टीचा खर्च काही मिनिटांत मंजूर करते, कारण त्यातलं कोणालाच कळत नाही, आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास घालवते, कारण छपराबद्दल प्रत्येकाला मत असतं. आमच्या विभागात अभ्यासक्रमाची फेररचना दहा मिनिटांत होते आणि सूचनाफलक कुठे लावायचा यावर पुढची मीटिंग बोलवावी लागते. उपाय एकच कामाला येतो: विषयपत्रिका आधी मागून घ्या आणि विचारा, "यातल्या कशावर आज निर्णय घ्यायचा आहे?" ज्यावर नाही ते मेलवर. नवीन असताना हे विचारायला धीर होत नाही, हे मला माहीत आहे. मग विभागप्रमुखांना एकटं गाठून विचारा, मीटिंगमध्ये नको.

कमिटीचं आमंत्रण आलं की जागेवर हो म्हणायचं नाही. "उद्या सांगते" म्हणायचं, कितीही सोपं वाटलं तरी. मग तीन गोष्टी विचारायच्या: किती महिने, महिन्याला किती तास, आणि याच्या बदल्यात माझ्याकडचं कुठलं काम निघेल. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तुमचंही उत्तर ठरलं. पहिल्या वर्षी एक कमिटी पुरे, आणि तीही अशी निवडा जिथे इतर विभागांतली माणसं भेटतील.

बायकांनी इथे जास्त सावध राहावं. बॅबकॉक, वेस्टरलुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की ज्या कामांचा बढतीला उपयोग नसतो, त्यांसाठी बायका पुरुषांपेक्षा जास्त वेळा पुढे होतात. आणि त्यांनाच जास्त वेळा विचारलंही जातं, कारण विचारणाऱ्याला माहीत असतं की ही नाही म्हणणार नाही. इतिवृत्त कोण लिहिणार, असा प्रश्न आला आणि सगळे तुमच्याकडे पाहू लागले तर म्हणा, "आळीपाळीने लिहू या, आजपासून नावांच्या अकारविल्हे क्रमाने." मी हे म्हणते तेव्हा एक-दोन सहकारी हसतात. पण क्रम सुरू होतो.

खोलीत येऊन रडणारा विद्यार्थी

हे कुठल्याही प्रशिक्षणात नीट सांगत नाहीत आणि पहिल्या सेमिस्टरमध्येच समोर येतं. बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागात पीएच.डी. करणाऱ्यांचा एक मोठा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात जवळपास एक तृतीयांश विद्यार्थी मानसिक आजाराच्या धोक्यात आढळले. तेव्हा तुमच्याकडे येणारं पोर हा अपवाद नाही.

हातातलं काम बाजूला ठेवा, मोबाइल उलटा ठेवा. मध्ये बोलू नका. "कोणाला सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नका, जिवाला धोका असेल तर ते मोडावं लागतं. त्याऐवजी सांगा, "शक्य तेवढं आपल्यातच ठेवीन, पण तुझ्या जिवाची काळजी वाटली तर मदत बोलावीन." जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारायला घाबरू नका. विचारल्याने कोणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही. समुपदेशकाला किंवा आपत्कालीन मदतीला तिथूनच फोन करायचा.

समुपदेशकाचं नाव, खोली आणि वेळ सेमिस्टरच्या पहिल्याच दिवशी शोधून टेबलावर चिकटवा. नुसतं "तिकडे जा" म्हणू नका, बरोबर चालत जा. तुमचं काम ऐकणं आणि योग्य माणसापर्यंत पोचवणं, इथवरच आहे. आठवड्यातून तीनदा दोन-दोन तास ऐकत बसलात तर त्या मुलाला हवी ती मदत उशिरा मिळते आणि तुम्ही आजारी पडता. दोन दिवसांनी मात्र नक्की विचारा, "गेलास का?" अभ्यासाबाबत काय सवलत देता येईल, स्वाध्यायाची तारीख, परीक्षेचा पर्याय, हे मात्र सर्वस्वी तुमच्या हातात असतं. ते तुम्हीच आपणहून पुढे करा, त्याला मागायला लावू नका.

स्वतःचं लिखाण

सुट्टीत लिहीन म्हणणारा सुट्टीत झोपतो. रॉबर्ट बॉइस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नव्या प्राध्यापकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला; रोज थोडं थोडं लिहिणारे हे मोकळ्या मोठ्या वेळेची वाट पाहणाऱ्यांपेक्षा जास्त लिहून गेले. माझा वेळ सकाळचा, मेल उघडण्याआधीचा अर्धा तास. टाइमटेबलमध्ये तो तासासारखाच भरून टाकते, आणि त्या वेळेत मीटिंग ठेवायची म्हटलं तर "माझं लेक्चर आहे" म्हणते. हे अर्धसत्य मला अजिबात टोचत नाही. थांबताना पुढचं वाक्य काय असेल ते एका ओळीत लिहून ठेवा.

सहलेखक असतील तर नावांचा क्रम आणि कोण काय करणार हे आकडे गोळा करण्याआधी लिहून घ्या. निबंध तयार झाल्यावर केलेली ही बोलणी मैत्री तोडतात. ज्याने काही केलेलं नाही त्याचं नाव घालायचं नाही, तो विभागप्रमुख असला तरी. हे तोंडावर बोलणं कठीण जातं, म्हणून जर्नलचा लेखकत्वाचा नियम छापून समोर ठेवायचा. बऱ्याच ठिकाणी प्रत्येकाचं योगदान जाहीर करावंच लागतं.

घरी

"थोडंसं काम उरलंय" हे वाक्य घरात बंद करा. माझी मुलगी लहान असताना "तुझं थोडंसं म्हणजे किती?" असं विचारायची आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. आता सांगते, "साडेआठला लॅपटॉप बंद." साडेआठला करतेच. पेपर तपासणीचे दोन आठवडे महिनाभर आधी घरच्या कॅलेंडरवर लिहून टाकते, म्हणजे त्या काळात कोणी माझी वाट पाहत बसत नाही आणि बाकीच्या काळात मला सबब उरत नाही. जोडीदारही याच धंद्यात असेल तर विभागातलं राजकारण कुठल्या वेळेपर्यंत बोलायचं तेही ठरवून घ्या, नाहीतर ते अंथरुणापर्यंत येतं. आठवड्यातला एक दिवस पूर्ण कोरा. कुठला, ते तुमचं तुम्ही बघा.

सेमिस्टर संपताना

विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाचे फॉर्म येतील. एकटे वाचू नका, विश्वासातल्या सहकाऱ्याला आधी वाचायला द्या आणि तीनपेक्षा जास्त जणांनी लिहिलेलं तेवढंच सांग म्हणा. या गुणांचा मुलं प्रत्यक्ष किती शिकली याच्याशी फारसा संबंध सापडत नाही, असं 2017 च्या एका मोठ्या फेरविश्लेषणात दिसलं. तरी बढतीच्या फाइलमध्ये ते लागतात, म्हणून जपून ठेवा.

निकाल जमा कराल त्याच दिवशी आणखी एक तास काढा. कुठला तास लांबला, कुठलं उदाहरण फसलं, कुठला प्रश्न दोन अर्थांचा निघाला, कोणत्या कामाला ठरवल्यापेक्षा जास्त वेळ गेला, हे एका पानावर लिहा आणि ते पान पुढच्या वर्षीच्या अभ्यासक्रमाच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. सुट्टीनंतर यातलं काही आठवत नाही.